सहाशे-सोळा

आमच्या आजोबांचा राग ट्रॅक्टरवर नव्हता, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर होता. इंजिन कामाचं, मागची मोठी चाकं कामाची, पण पुढची ही दोन टिल्ली चाकं म्हणजे खायला काळ अन् भुईला भार, असं त्यांचं ठाम मत. थोरल्या काकांनी पहिल्यांदा ट्रॅक्टर खाचरात घातला तेव्हा ते बांधावर उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बैल पाय उचलून टाकतो. हे उचलत नाय, नुसतं ढकलतंय." सगळे हसले. पुढे मी या विषयावरची पुस्तकं चाळली तर त्यांत हेच आकृत्या काढून सांगितलेलं होतं.

आमचं गाव बदलापूर आणि वांगणी यांच्या मधे, उल्हास नदीच्या अंगाला. शेती भाताची. खाचरं पाच-सात गुंठ्यांची, एकाला एक लागून, प्रत्येकाला बांध. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात पेरायचं, आणि रोपं वीतभर झाली की खाचरात पाणी कोंडून चिखलणी करायची. चिखलणी म्हणजे माती आणि पाणी इतकं घोटायचं की पाणी खाली मुरायचं थांबतं. भाताला हाच चिखल लागतो आणि ट्रॅक्टरचं पुढचं चाक याच चिखलात हरतं. घाटावर ज्यांनी ट्रॅक्टर चालवला त्यांना ही अडचण सांगूनही पटत नाही. त्यांच्याकडे चाक जमिनीवर फिरतं, आमच्याकडे ते जमिनीत फिरतं.

आजोबांची गोष्ट मात्र ट्रॅक्टरपासून सुरू होत नसे, लढाईपासून होई. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ पडला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कॅम्पाचं उल्हासनगर झालं. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही 'कॅम्पात जाऊन येतो' असंच म्हणतात. लढाईच्याच काळात मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीला विमानांची धावपट्टी झाली. त्यासाठी आसपासच्या गावांची जमीन गेली. त्या जमिनीचा वाद जून २०१७ मध्ये रस्त्यावर आला, गाड्या पेटल्या, ते बऱ्याच जणांना आठवत असेल.

आजोबा त्या धावपट्टीच्या कामावर बैलगाडी घेऊन खडी टाकायला जात. मजुरी किती मिळे हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, पण जीपची गोष्ट कितीदा ऐकली त्याला गणती नाही. लाकडी चाकं आणि लोखंडी धाव असलेली त्यांची गाडी पावसात रुतली की बैलांच्या शेपट्या पिरगाळून, खांदा लावून बाहेर काढायची. तिथून ती ठेंगणी हिरवी गाडी चिखल उडवत निघून जायची. त्यांनी एका ड्रायव्हरला विचारलं, हिला एवढा जोर कुठून? त्यानं खाली वाकून दाखवलं: हिची पुढची चाकंही ओढतात. मोटारीची मागची चाकं ढकलतात आणि पुढची नुसती दिशा देतात, एवढं आजोबांना माहीत होतं. पुढच्या चाकालाही इंजिनाचा जोर देता येतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

लढाई संपली आणि लष्कराचं सामान भंगारात निघालं. कॅम्पात आलेल्या सिंध्यांपैकी काहींनी त्याच भंगारावर धंदा उभा केला. आजोबांचे दोस्त झालेले एक मिस्तरी सक्करहून आलेले. त्यांना सगळे 'दादा' म्हणत, तेही वयानं लहान असून आजोबांना 'भाऊ' म्हणत. आजोबांनी दादांकडून जीपच्या चाकांची एक जोडी घेतली आणि बैलगाडीला लावली. गावातली पहिली टायरची गाडी. बैलांच्या मानेवरचा ताण निम्म्यानं उतरला, असं ते सांगत. त्या टायरवर आकडे होते, ६.००-१६. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. बाजारात त्याला सहाशे-सोळा म्हणतात. युद्धातल्या विलीज जीपचं तेच माप आणि, गंमत अशी, पुढे आपल्याकडे आलेल्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचंही तेच.

ट्रॅक्टर आमच्याकडे उशिरा आला. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ मध्ये कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ बाहेर पडू लागला. बदलापूरहून कांदिवली म्हणजे दोन लोकलचा प्रवास, पण तिथला ट्रॅक्टर आधी गेला पंजाब, गुजरात आणि आपल्या घाटावर. आमचा आला तो घाटावरूनच, जुना, अंबरनाथच्या काडेपेटी कंपनीतून साठवलेल्या काकांच्या पैशांतून. मागचे टायर बरे होते, पुढचे गुळगुळीत. काका तडक दादांकडे गेले. दादांकडे जीपचे टायर पडलेलेच होते. ते म्हणाले, "नंबर तोच आहे बेटा, पण चाक तो नाही हां." काकांनी नंबर ऐकला, पुढचं ऐकलं नाही.

रस्त्यावर ते टायर झकास चालले. पहिल्या पावसानंतर उखळणीला, म्हणजे पहिल्या नांगरटीला, शेतात उतरल्यावर मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच चालला आणि बांधावर चढला. आजोबांना फार आनंद झाला.

कारण टायरच्या अंगावर होतं. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरला नक्षी नसते, गोल फिरणाऱ्या तीन उभ्या कडा असतात. मधली कड उंच. या टायरला ओढायचं नसतं, त्याला फक्त घसरायचं नसतं. चाक वळवलं की मधली कड मऊ मातीत सुरीसारखी शिरते आणि ट्रॅक्टरचं नाक आडवं फिरतं. जीपच्या टायरवर चौकोनी ठोकळे असतात. पुढे-मागे जायला बरे, पण नांगरटीत आडवी पकड नाही. ही कड काही आधुनिक शोध नव्हे. हवेचे टायर नव्हते तेव्हा, १९१७ च्या फोर्डसनसारख्या ट्रॅक्टरांना अख्खी लोखंडी चाकं असत. पुढच्या लोखंडी चाकाच्या मधोमध एक उभी पट्टी असे. काम तेच. १९३२ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवून पाहिले आणि सुरुवातीला बसवले ते चक्क विमानाचे. नेवाळीच्या धावपट्टीची गोष्ट ऐकून वाढलेल्या मला हे वाचून आजोबांना सांगावंसं वाटलं, पण तोवर ते राहिले नव्हते.

दादांच्या गाळ्यात एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर लाल रंगाचा अमेरिकन ट्रॅक्टर, आणि त्याची पुढची दोन चाकं अगदी चिकटून, इंजिनाच्या बरोबर खाली. आजोबा ते बघून विचारत, "ह्याचे पाय का जोडलेत?" उत्तर कापूस आणि मक्यात आहे. १९२४ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरनं फार्मॉल विकायला काढला. म्हणजे बी-२७५ च्या वंशावळीतला आजोबाच. त्याआधीचे ट्रॅक्टर नांगरायचे आणि मळणीयंत्र फिरवायचे. उभ्या पिकात कोळपणी करायची तर बैल-घोडेच. फार्मॉलची पुढची जोडी दोन ओळींच्या मधल्या एकाच सरीतून जायची, मागची चाकं बाजूच्या सऱ्यांतून, आणि उंच एक्सलखालून पीक सुखरूप निघायचं. पुढची चाकं जवळजवळ काटकोनात वळायची. शिवाय एकेका मागच्या चाकाला वेगळा ब्रेक, त्यामुळे शेताच्या टोकाला जागच्या जागी गिरकी. अजून अरुंद ओळींसाठी पुढे एकच चाक असलेले प्रकारही निघाले.

तोटाही तिथेच. पुढचे दोन पाय जवळ आणले की आधार त्रिकोणी होतो. उतारावर वळताना, विहिरीच्या कडेनं जाताना असा ट्रॅक्टर चटकन कलंडतो. शिवाय दगड आला की धक्का थेट स्टिअरिंगला आणि तिथून ड्रायव्हरच्या अंगठ्यांना. म्हणून १९४७ मध्ये जॉन डिअरनं ही जोडी गिअरनं एकमेकींना जोडली. एक चाक दगडावर चढलं की दुसरं तेवढंच खाली जातं आणि नाक कमी उडतं. युक्ती सुरेख, पण मूळ त्रिकोण राहिलाच. रुंद आणि कमी-जास्त करता येणाऱ्या एक्सलचे ट्रॅक्टर आले आणि जोडपायी ट्रॅक्टर हळूहळू मागे पडले.

इथं एक गोष्ट ट्रॅक्टर चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरची पुढची चाकं रुंद अंतरावर असली तरी आधार सुरुवातीला त्रिकोणीच असतो. कारण पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर झुलतो. खड्ड्याखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकलेली राहावीत म्हणून तो झुलावाच लागतो. पण ट्रॅक्टर कलायला लागला की ही पिन त्याला धरून ठेवत नाही. एक्सल झुलून अडथळ्याला टेकल्यावरच पुढचं चाक आधाराला येतं, आणि कधी कधी तेव्हा उशीर झालेला असतो. चार चाकं दिसतात म्हणून बांधावरून ट्रॅक्टर तिरका घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गुजरातेत मात्र तीन चाकांचा संसार अजून सुखाचा चालला आहे. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९० च्या दशकात बुलेट मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचा औतासहितचा सांगाडा बसवला; त्याला 'बुलेट सांती' म्हणतात. पुढे मोटरसायकलचंच एक चाक. सौराष्ट्रातल्या कोरडवाहू, सपाट, ओळीतल्या भुईमूग-कापसाला ते स्वस्तात पुरतं. आमच्या खाचरात ते पहिल्या वळणालाच नाक खुपसून बसेल. चाक चांगलं की वाईट हे जमिनीला विचारायचं असतं.

आमच्याकडे पुढचं चाक रुतण्यापेक्षा मोठं भय वेगळंच होतं. नदीपलीकडच्या गावात एकाचा ट्रॅक्टर खाचरात रुतला. मागची चाकं जागच्या जागीच फिरत राहिली, निघेनात, म्हणून त्यानं दोन्ही चाकांना आडवा ओंडका बांधला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला. चाकं फिरू शकत नसतील तर इंजिनाचा जोर उलटा लागतो. चाकाभोवती ट्रॅक्टरच फिरतो आणि पुढची चाकं वर उठतात. ती एका मर्यादेपलीकडे उठायला एक सेकंदही लागत नाही. तो माणूस वाचला नाही. आमच्या घरात त्यानंतर ओंडक्याचं नावही निघालं नाही. रुतला की उलट्या गिअरनं मागे काढायचा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं खालच्या हुकातून ओढायचा, हा नियम.

पुढून उठणं हा सगळ्याच हलक्या नाकाच्या ट्रॅक्टरांचा जुना रोग. फोर्डसन त्यासाठी बदनाम होता. हॅरी फर्ग्युसननं मागे तीन दांड्यांची हायड्रॉलिक जोडणी बसवली, त्यात नांगराचा ताण उलट पुढच्या चाकांना खाली दाबायला वापरला. १९४६ पासून कोव्हेंट्रीत निघालेला त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर जगभर गेला तो या गुणावर. आज आपल्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरला मागे तीच जोडणी असते. तरीही साध्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. मागे भरलेली ट्रॉली आणि समोर चढ असला की स्टिअरिंग हलकं लागतं. ते हलकं लागणं ही धोक्याची घंटा. म्हणून पुढे लोखंडी वजनं लावतात. मग चिखलात उतरलं की तीच वजनं पुढच्या चाकाला आणखी खोल घालतात. असा हा दोन्हीकडून मार.

मागच्या चाकांना आम्ही पत्र्याच्या पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावतो, त्यानं चिखलणी छान होते. पण पुढचं चाक लहान व्यासाचं आणि अरुंद. ते चिखलावर चढत नाही, समोर चिखलाचा ढीग लोटत जातं. निम्मा जोर त्या ढिगाशी भांडण्यात जातो. आजोबांचं 'ढकलतंय' ते हेच.

यावरचं पहिलं खरं उत्तर आलं ते पुढचं चाकच काढून टाकून. पॉवर टिलर. १९६७ साली बंगळुरूत सुरू झालेल्या व्हीएसटी कंपनीनं जपानच्या मित्सुबिशीचं तंत्र घेऊन ते आपल्याकडे बनवायला घेतले, पुढे केरळच्या कामकोनं कुबोटाचे. जपानची भातखाचरं आमच्यासारखीच लहान. दोन चाकं, मागे फिरती पाती, हातात दोन दांडे. रुतायला पुढे काही नाहीच. लहान खाचरात वळतो, बांध ओलांडतो. आमच्या भागातल्या भातावर १९१९ पासून काम करणारं कर्जतचं संशोधन केंद्र आमच्या घरापासून लोकलच्या थोड्या स्टेशनांवर. तिथं काकांनी टिलर चालताना पाहिला आणि ते विचारात पडले. घेतला मात्र नाही. टिलरमागे दिवसभर चिखलात चालावं लागतं, हात बधिर होतात, टोकाला वळवताना खांदे निघतात. आणि खरं कारण त्यांनी एकदा बोलून दाखवलं: "ट्रॅक्टरवर बसतो तो मालक, टिलरमागं चालतो तो गडी." शेतीतली बरीच यंत्रं या एका वाक्यावर निवडली जातात, असं माझं मत आहे.

दुसरं उत्तर म्हणजे आजोबांनी नेवाळीला पाहिलेलं: पुढच्या चाकांनाही जोर. जीप १९४० च्या दशकात जे करत होती ते आमच्या खाचरात यायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. आता वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचे फोर-बाय-फोर मिनी ट्रॅक्टर येतात. पुढचं चाक मोठ्या व्यासाचं, त्यावर मागच्यासारखे तिरपे खूर. ते समोरचा चिखल लोटत नाही, त्यावर चढतं आणि ट्रॅक्टरचं नाक वर ओढून काढतं. शेजाऱ्याचा असा छोटा ट्रॅक्टर आमच्या खाचरात एका दमात जिथून गेला तिथं काकांचा त्याच्या दीडपट ताकदीचा ट्रॅक्टर बसकण मारायचा.

फुकट मात्र काही नाही. किंमत जास्त. पुढच्या एक्सलमध्ये गिअर आले की चाक पूर्वीइतकं वळत नाही, म्हणून वळायला जागा जास्त लागते. काही कंपन्यांनी एक्सलमध्ये कोनी गिअर घालून हे बरंच सुधारलं आहे. पुढची चाकं मागच्यांपेक्षा मुद्दाम किंचित जलद फिरवलेली असतात. चिखलात तो फरक घसरून जिरतो. डांबरावर जिरत नाही. तिथे फोर-बाय-फोरचा दांडा तसाच ओढून ठेवला तर टायरचे खूर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. म्हणून पुढचा टायर बदलायचा तर कंपनीनं दिलेल्या मापाचाच. भंगारातला सहाशे-सोळा इथं चालत नाही.

आणि चिखल आत जाऊ न देणारं चाकाचं सील. त्याचं महत्त्व मला २०१९ मध्ये नीट समजलं. त्या वर्षी २७ जुलैला उल्हास नदी अशी फुगली की बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्याच पाण्यात आमचा ट्रॅक्टर पडवीबाहेर उभा होता. पाणी ओसरल्यावर दादांच्या नातवानं जॅक लावून पुढचं चाक उचललं, हबची टोपी हातोडीनं हळूच सोडवली. आत पिवळं ग्रीस असायला हवं होतं. निघाला तो राखाडी, चकचकीत लगदा, बोटानं चोळला तर रेती लागणारा. बेअरिंगचे रोलर निळे पडलेले. आतल्या बाजूचं रबरी सील कडक होऊन फाटलं होतं. नातू म्हणाला, हे काय एका दिवसाच्या पाण्यानं झालं नाही, दर चिखलणीला थोडं थोडं आत जात होतं. एक बेअरिंग उल्हासनगरच्या बाजारात मिळालं, किंगपिनचे बुश अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतले.

आज आमच्या भागातले बहुतेक ट्रॅक्टर खाचर पाहतच नाहीत. ते वीटभट्टीवरच्या विटा, बांधकामाची रेती, उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढतात. खाचरांवर इमारती आल्या. आणि डांबरी रस्त्यावर, जिथे कुणाला चिखलाशी भांडायचं नाही, तिथे ती टिल्ली सहाशे-सोळा चाकं सगळ्यात उत्तम चालतात. स्वस्त, हलकी, झटकन वळणारी. आजोबा त्यांना उगाच शिव्या देत नव्हते, पण चाकांचाही दोष नव्हता. ती दुसऱ्या जमिनीसाठी घडवली होती.

तेव्हा बदलापूर-कर्जतकडे अजून भात करणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच. जमीन एक-दोन एकर असेल तर ट्रॅक्टर घेऊच नका. टिलर घ्या, लाज वाटत असेल तर चिखलणीपुरता फोर-बाय-फोर भाड्यानं बोलवा. जुना ट्रॅक्टर घ्यायचाच असेल तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पुढचा एक्सल जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन गेलेली. टायर एका कडेलाच झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली. मधली कड नखाला लागत नसेल तर टायर संपलेला, विकणारा काहीही म्हणो. आणि हबची टोपी त्याच्यासमोर उघडायला लावा. आत राखाडी लगदा दिसला तर पैसे खिशातच ठेवा.